बाजदारीची मराठी शब्दसूची : कामाच्या नोंदी

५ ऑगस्ट २०२४, रत्नागिरी

शिकारी पक्षी माणसाळवून त्यांच्याकडून शिकार करून घेण्याच्या जुन्या विद्येचे शब्द मराठीत एकत्र करण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. विद्या म्हटले तरी आपल्या देशात ती आता कागदावरच उरली आहे, कारण वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे ससाणा किंवा शिक्रा पकडणे आणि बाळगणे हा गुन्हा आहे. त्यामुळे सूचीचा उपयोग दोन प्रकारच्या वाचकांना होईल असे धरले आहे. जुने कागद आणि ग्रंथ वाचताना या शब्दांपाशी अडणारे अभ्यासक हे पहिले. जाळ्यात गुरफटलेला किंवा तारेला धडकलेला शिक्रा वनखात्याच्या परवानगीने चार दिवस सांभाळणारे पक्षिमित्र हे दुसरे. पायातली वादी, बसायचा ठोकळा, डोळ्यांवरची टोपी यांची नावे या दुसऱ्या मंडळींना रोज लागतात आणि ते नाइलाजाने इंग्रजीवर भागवतात.

शब्द कोठून घ्यायचे हे आधीच ठरवणे भाग होते. मराठ्यांच्या अठरा कारखान्यांच्या यादीत शिकारखाना आहे, म्हणजे ही भाषा दरबारी होती आणि दरबारी असल्यामुळे बव्हंशी फारसी वळणाची होती. रघुनाथपंडितांच्या नावावर असलेल्या राजव्यवहारकोशाने कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आणि त्यामागे नव्या राज्याचे मोठे प्रयोजन होते. परंतु आमच्या सूचीतील वस्तू हातांनी बांधायच्या, सोडायच्या आणि शिवायच्या असल्याने ‘पादबंधनी’सारखा शब्द घडवून तो लोकांना शिकवत बसण्यापेक्षा, घोड्याच्या पायाच्या दोरीला मराठीत शेकडो वर्षे वापरात असलेला आणि बाजदारांच्या फारसीतही ससाण्याच्या पायातील वादीला लावला जाणारा ‘पायबंद’ हाच शब्द ठेवणे मला योग्य वाटते. ‘पायबंद घालणे’ हा वाक्प्रचार तर अग्रलेखांतूनही भेटतो. तेव्हा क्रम असा ठरला: चालू मराठीतला शब्द प्रथम, तो नसेल तर शिकारखान्यातला हिंदुस्थानी-फारसी शब्द, मग संस्कृत, आणि अगदीच काही न सापडल्यास नवा शब्द.

१४ ऑगस्ट

पक्ष्यांची नावे लावून झाली. येथे हिंदुस्थानी बाजदारांची समृद्धी पाहून हेवा वाटतो, कारण त्यांनी जवळजवळ प्रत्येक जातीतील मादीला आणि नराला स्वतंत्र नाव दिले आहे. बाज ही मादी, तिचा नर जुर्रा. बाशा मादी, नर बाशीन. शिकरा मादी, नर चिपका. बेसरा मादी, नर धोती. लग्गड मादी, नर झग्गर. चरग मादी, नर चरगेला. तुरमती मादी, नर चटवा. मुख्य नाव सर्वत्र मादीचे आहे हे लक्षात घेण्यासारखे आहे. शिकारी पक्ष्यांत मादी नराहून मोठी आणि बळकट असते, त्यामुळे मोठ्या सावजावर तीच सोडली जाई. बहिरी ससाण्याचा नर मादीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने लहान भरतो, आणि युरोपातील बाजदारांनी त्याला दिलेले ‘टिअर्सेल’ हे नाव लॅटिनमधील ‘तिसरा’ या अर्थाच्या शब्दावरूनच आले आहे असे मानतात.

मराठी पक्षिग्रंथांनी यातील एकच नाव उचलून ते दोघांना लावले. ‘ससाणा’ आणि ‘शिक्रा’ हे शब्द व्याकरणाने पुल्लिंगी असल्यामुळे घरट्यातील पक्ष्याविषयी लिहिताना ‘शिक्रा अंडी उबवतो’ अशी वाक्ये होतात आणि वाचणारा थबकतो. सूचीत मूळ जोडनावे दिली आहेत, पण आजच्या लेखनात ‘शिक्र्याची मादी’ असेच म्हणावे अशी शिफारस जोडली आहे. चिपका किंवा चटवा आता पुन्हा बोलीत येतील असे मला वाटत नाही, आणि शब्दसूचीने तसा हट्ट धरूही नये.

२३ ऑगस्ट

सूची अकारविल्हे लावायची की विषयवार, हा प्रश्न होता. कूर्माचलाचा, म्हणजे आजच्या कुमाऊंचा राजा रुद्रदेव याचा ‘श्यैनिकशास्त्र’ हा संस्कृत ग्रंथ हरप्रसाद शास्त्री यांनी संपादित करून १९१० साली कलकत्त्यात प्रसिद्ध झाला. त्यात शिकारी पक्ष्यांचे दोन वर्ग डोळ्यांच्या रंगावरून पाडले आहेत, कृष्णाक्ष आणि पाटलाक्ष. हिंदुस्थानी बाजदारही स्याहचश्म आणि गुलाबचश्म अशीच विभागणी करत. ही वाटणी वरवरची वाटली तरी निसर्गाला धरून आहे: ससाण्यांच्या कुळाचे डोळे गडद, पंख लांब व टोकदार आणि चोचीच्या कडेला दातासारखा उंचवटा असतो, तर बाज, बाशा आणि शिक्रा यांचे डोळे पिवळे ते लालसर, पंख आखूड व गोलट आणि शेपटी लांब असते. २००८ पासूनच्या जनुकीय अभ्यासांनी तर असे दाखवले की ससाणे हे बाजांपेक्षा पोपटांना अधिक जवळचे आहेत. पिंजऱ्यात मिरची खाणारा राघू आणि बहिरी यांचे नाते बाजापेक्षा जवळचे निघावे, याची गंमत वाटते.

विषयवार मांडणी ठरली, आणि ‘काळ्या डोळ्यांचे’ व ‘पिवळ्या डोळ्यांचे’ हे तिचे दोन मुख्य भाग झाले. पुढे बसण्याच्या जागेपासून हल्ल्याच्या पद्धतीपर्यंत बरेचसे शब्द या दोन भागांत आपोआप पडतात असे दिसू लागले आहे.

१ सप्टेंबर, पावस रस्त्यावरील रोपवाटिका

आजचा दिवस एका शब्दासाठी खर्ची पडला आणि तो सत्कारणी लागला. पाळलेल्या ससाण्याचे पंखातील किंवा शेपटीतील पीस मोडले, तर ते पुढची पिसे झडेपर्यंत तसेच राहते, आणि मोडक्या पिसाशेजारच्या पिसांना आधार न राहिल्यामुळे तीही एकेक करून मोडू लागतात. यावर बाजदारांचा उपाय असा की मागच्या वर्षी झडलेली पिसे क्रमांक घालून जपून ठेवायची, आणि मोडलेल्या पिसाच्या जागी त्याच बाजूचे, त्याच क्रमांकाचे जुने पीस जोडायचे. ससाण्याच्या पंखात मुख्य उड्डाणपिसे दहा आणि शेपटीत पिसे बारा असतात, त्यामुळे क्रमांक घालणे जिकिरीचे नाही. इंग्रजीत या कृतीला ‘इंपिंग’ म्हणतात आणि त्या क्रियापदाचा जुना अर्थ झाडाला कलम बांधणे असाच आहे. कोकणात बसून यासाठी दुसरा शब्द शोधणे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा झाले असते.

तरीही शब्द वस्तूला बसतो की नाही हे पाहावे म्हणून हापूसची कलमे बांधणाऱ्या एका अनुभवी कलमकाकांना सोबत घेतले. संरक्षित पक्ष्याचे पीस बाळगता येत नाही, म्हणून गावठी कोंबड्याच्या शेपटीची पिसे घेतली. काकांनी एका पिसाचा देठ खालच्या निरोगी भागात धारदार पात्याने तिरका छाटला, दुसरे पीस त्याच जाडीवर त्याच तिरकसपणे छाटले, आणि बांबूची काडी तासून तिला तीन कडा काढल्या. काडी गोल ठेवली तर पीस तिच्याभोवती फिरते आणि पात्याची दिशा बिघडते. कडा असल्या की ते जागच्या जागी राहते. काडीला डिंक लावून तिचा अर्धा भाग खालच्या देठात आणि अर्धा वरच्या पिसात सारला, दोन्ही छेद एकमेकांना भिडवले आणि पीस उजेडात धरून कड सरळ आहे की नाही ते पाहिले. सांधा बोटाला लागत होता, डोळ्यांना दिसत नव्हता.

काकांचे मत मात्र वेगळे पडले. त्यांचे म्हणणे असे: “कलमाला जीव लागतो. खुंट आणि काडी एकमेकांत मिसळतात, तिथून नवी पालवी फुटते. इथे दोन्ही बाजू सुक्या. हे सांधणं झालं, कलम नव्हे.” आक्षेप बिनतोड आहे. पूर्ण वाढलेले पीस नखाप्रमाणे निर्जीव असते, त्यामुळे छाटताना पक्ष्याला वेदना होत नाही आणि जोड कधी भरूनही येत नाही. पुढच्या वर्षी देठासकट सगळे झडून जाते. तरी मी ‘पिसाचे कलम’ हा शब्द कायम ठेवला आहे, कारण जाडी जुळवणे, छेद तिरका घेणे, भिडवताना हवा राहू न देणे ही सारी नजर कलम बांधणाऱ्याचीच आहे. त्याबरोबर पक्ष्याच्या अंगावर उरलेल्या देठाला ‘खुंट’ हा काकांचा शब्द घेतला, आणि क्रियापद म्हणून त्यांचे ‘सांधणे’ही घेतले. त्यांच्या मते ‘काडी’ हा शब्द वर जोडायच्या पिसाला द्यावा. पण आतल्या बांबूलाही आपण काडीच म्हणणार, म्हणून तो सोडला.

२६ सप्टेंबर, मिरकरवाडा

गणपती आटोपले आणि बंदरावर मासळीचा हंगाम लागला, तरी तिथल्या एका चाचांनी जाळी दुरुस्त करता करता बराच वेळ दिला. तरुणपणी ते अबूधाबीत एका अरब घराण्याच्या नोकरीत होते आणि हिवाळ्यात घरच्या ससाण्यांची देखभाल त्यांच्याकडे येई. रत्नागिरी आणि रायगडच्या किनाऱ्यावर आखातात नोकरी करून परतलेल्यांची घरे पुष्कळ आहेत, आणि ज्या विद्येचे शब्द मी कोशांतून वेचतो आहे ती त्यांपैकी काहींनी रोज डोळ्यांनी पाहिलेली आहे, हे कोणत्याही कोशकाराच्या ध्यानात आलेले नाही.

चाचांनी सांगितलेले शब्द असे. डोळ्यांवरच्या चामडी टोपीला बुर्का. पायातील वाद्यांना सबूक, त्यांना जोडलेल्या लांब दोरीला मुरसल. हातात चढवायच्या जाड नळीसारख्या आवरणाला मंगला, बसायच्या खुंटीला वकर, आणि पक्ष्याला परत बोलावण्यासाठी दोरीला बांधून गरगरवायच्या पिसांच्या जुडग्याला तिलवाह. टोपीविषयी ते म्हणाले, “डोळ्यांपुढे काळोख झाला की पाखरू हलत नाय, मास्तर. मग इमानात न्या नाय तर बाजारात न्या.” विमानाचे त्यांनी गमतीने सांगितले नाही. संयुक्त अरब अमिरातीत २००२ पासून ससाण्यांना पासपोर्ट मिळतात, आणि अबूधाबीत १९९९ पासून ससाण्यांचे स्वतंत्र रुग्णालय चालते. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत ही विद्या २०१० साली अकरा देशांच्या नावे आली आणि २०२१ पर्यंत ती संख्या चोवीस झाली. त्यांत पाकिस्तान आहे, भारत नाही.

टोपी बांधण्याची रीत त्यांनी रिकाम्या मुठीवर करून दाखवली. एका हातावर पक्षी असल्याने टोपीच्या मागच्या वाद्या ओढायला एकच हात मोकळा राहतो, म्हणून एक वादी दातांत धरायची आणि दुसरी बोटांनी ओढायची. सैल करतानाही तेच. युरोपात टोपीचा वापर अरबांकडून आला हे तेराव्या शतकात सम्राट फ्रेडरिक दुसरा याने आपल्या ग्रंथात स्वतःच नमूद करून ठेवले आहे. सूचीत ‘टोपी’ हाच मुख्य शब्द ठेवला. बैलाच्या किंवा घोड्याच्या ‘झापडा’चा विचार केला होता, परंतु झापड बाजूची नजर अडवते आणि समोरचा रस्ता मोकळा ठेवते, तर येथे पूर्ण अंधार हवा असतो.

गाठीचा विषय निघाल्यावर चाचांचे हात बोलू लागले. पक्ष्याची दोरी खुंटीच्या कडीला बांधायची गाठ एकाच हाताने बांधता आणि एकाच हाताने सोडता आली पाहिजे, आणि तरी पक्ष्याने कितीही हिसके दिले तरी ती सुटता कामा नये. त्यांनी नायलॉनची दोरी कडीतून घेतली, अंगठ्याच्या मागून तिचा वेढा दिला, बोटांनी फास ओढून काढला आणि उरलेले टोक त्या फासातून सारून घट्ट केले. टोक फासाबाहेर काढून ओढताच गाठ उलगडली. मराठीत सहज सुटणारी ती सुरगाठ आणि न सुटणारी ती निरगाठ; ही सुरगाठच आहे, मात्र टोकाला कुलूप घातलेली. सूचीत ‘एकहाती सुरगाठ’ लिहिले आहे. दोरीला पीळ बसू नये म्हणून मध्ये घालायच्या फिरत्या कडीला मात्र काहीच शोधावे लागले नाही, कारण गुरांच्या दाव्यातली भोवरकडी तेच काम करते.

चाचांचे अरबी शब्द मुख्य रकान्यात न घेता ‘आखातात’ अशा वेगळ्या रकान्यात दिले आहेत. फारसीपेक्षा हे शब्द आजच्या कोकणाला अधिक जवळचे आहेत, त्यामुळे ते तळटिपेत ढकलणे मला पटले नाही.

८ ऑक्टोबर

हिंदुस्थानीत पक्ष्याच्या बैठकीला ‘अड्डा’ म्हणतात. मराठीत या शब्दाची संगत इतकी बिघडली आहे की ‘शिक्रा अड्ड्यावर बसवला’ असे वाक्य छापता येणार नाही. शिवाय एक शब्द पुरतही नाही. कड्याकपारीत राहणाऱ्या ससाण्याला सपाट माथ्याची बैठक लागते, त्याला ‘ठोकळा’. झाडाच्या फांदीवर बसणाऱ्या बाजाला किंवा शिक्र्याला गोल बैठक लागते, तिला पोपटाच्या पिंजऱ्यातील ‘दांडी’. काळ्या आणि पिवळ्या डोळ्यांची वाटणी येथेही लागू पडली.

पायातले ‘घुंगरू’ तसेच ठेवले. ते शोभेसाठी नसून झुडपात भक्ष्यावर बसलेला पक्षी आवाजावरून सापडावा यासाठी असते. लाहोरची घुंगरे यासाठी नावाजलेली होती आणि जोडीतील दोन घुंगरांचे स्वर किंचित वेगळे ठेवत, म्हणजे नाद लांबवर पोहोचतो.

२१ ऑक्टोबर

शिकवणीच्या शब्दांत सर्वांत मोठी सोय मराठीने आधीच करून ठेवली आहे. रानातून आणलेल्या पक्ष्याला माणसाचा हात, आवाज आणि वावर यांची सवय लावण्याला ‘माणसाळवणे’ याहून नेमका शब्द नाही, आणि योगायोगाने इंग्रजीतील संज्ञाही माणूस या शब्दावरूनच झालेली आहे. मात्र या विद्येत माणसाळणे म्हणजे लळा लागणे नव्हे. ससाणा मुठीवर परत येतो तो तेथे खाणे मिळते म्हणून, कुत्र्यासारखा मालकावरील प्रेमाने नाही. त्यामुळे सारा कारभार भुकेच्या मापावर चालतो: पोट भरलेले असेल तर पक्षी झाडावर जाऊन बसतो, फार उपाशी ठेवला तर त्याच्या अंगात उडण्याचे त्राण राहत नाही, आणि या दोहोंमधील जागा लहान शिक्र्याच्या बाबतीत थोड्या ग्रॅमची असते. म्हणून त्याला रोज काट्यावर घेतात. काटे नव्हते तेव्हा बाजदार छातीच्या मधल्या हाडावर बोट फिरवून दोन्ही बाजूंच्या मांसाचा अंदाज घेत; जखमी पक्षी हाताळणारे डॉक्टर आजही तेच करतात. या मधल्या मापासाठी ‘उडतीचे वजन’ हा शब्द मी घडवला आहे आणि या विभागात नवा शब्द तेवढा एकच आहे. शिकारीला पूर्ण उत्सुक झालेल्या पक्ष्याच्या स्थितीला ‘यराक’ म्हणतात. पूर्वेकडून इंग्रजीत गेलेला हा शब्द आहे तसाच ठेवला.

२७ नोव्हेंबर

अमूर ससाण्यांचे थवे या दिवसांत सह्याद्रीवरून कोकणात उतरून अरबी समुद्र ओलांडायला निघतात, म्हणून त्यांना सूचीत जागा द्यावी अशी सूचना आली. हा पक्षी मुख्यत्वे किड्यांवर जगतो आणि बाजदारीत त्याला स्थान नव्हते. नोंद घेतलेली नाही.

१५ डिसेंबर, भाट्ये खाडी

ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलावर चिखल्या आणि तुतवार यांचे थवे उतरतात आणि हिवाळी पाहुणा बहिरी ससाणा त्यांच्यावर येतो. त्याचा हल्ला पाहण्यासाठी पक्षिमित्रांबरोबर गेलो होतो, कारण त्या हल्ल्याच्या शब्दावर आमच्यात एकमत होत नव्हते. ‘झेप’ म्हणावे असे बहुतेकांचे मत होते. प्रत्यक्षात पक्षी उंचावरून पंख अंगाशी मिटून डोके खाली करून कोसळतो आणि त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरहून अधिक होऊ शकतो. झेप पुढे किंवा वर घेतात. विहिरीच्या काठावरून डोके खाली घालून पोरे मारतात तो ‘सूर’, आणि ससाणाही सूरच मारतो. थव्यातील पक्षी एकदम वळले, थव्याचा रंग काळ्याचा पांढरा झाला आणि ससाणा त्यांच्या खालून रिकाम्या नखांनी वर निघून गेला. ‘सूर’ या शब्दाला त्यानंतर विरोध झाला नाही. आमराईतल्या फांदीआडून निघून चिमणीला टिपणाऱ्या शिक्र्याची मात्र ‘झडप’, आणि हीही पिवळ्या डोळ्यांच्या भागात गेली.

परतताना सोबतच्या एका मुलाने विचारले की या पक्ष्याला ऐकू येत नाही का. ‘बहिरी’ हे मराठीत बहिऱ्या बाईचे विशेषण असल्यामुळे हा समज मोठ्यांतही आहे, आणि रत्नागिरीत ग्रामदैवत श्रीदेव भैरी असल्याने कोणी त्याच्याशीही नाते जोडतो. मूळ शब्द फारसी-अरबी ‘बहरी’ आहे आणि त्याचा अर्थ समुद्राचा. सूचीत अर्थासह तशी टीप दिली आहे, आणि खाडीकाठी वाढलेल्या वाचकाला ती समजावून सांगावी लागणार नाही.

९ जानेवारी २०२५

राहिलेले शब्द भराभर उरकले. पक्ष्याची विष्ठा ती ‘शीट’, येथे कोणताही संस्कृत शब्द सुचवणाऱ्याने एकदा जहाजाच्या डोलकाठीखाली उभे राहून पाहावे. वार्षिक पीसझडीला ‘कुरीज’ हा फारसी शब्द कंसात दिला, मुख्य शब्द ‘पिसे टाकणे’.

भक्ष्यावर बसून दोन्ही पंख आणि शेपटी पसरून ते इतरांपासून झाकण्याच्या पवित्र्यावर मात्र अडलो. सहकाऱ्याने ‘पाखर घालणे’ सुचवले. रूप तेच आहे, पण मराठीत पाखर आई घालते, देव घालतो. उपाशी ससाणा घासावर पंख धरतो त्यात राखण्यापेक्षा हिसकावले जाण्याची भीती असते. ‘पंख पांघरणे’ असे लिहिले आहे. सहकाऱ्याचा विरोध कायम आहे आणि त्याच्या मताची नोंद शब्दाखाली त्याच्या आद्याक्षरांसह छापली जाईल.

पहिला मसुदा पक्षिमित्रांकडे पाठवला आहे. पायबंद, ठोकळा, दांडी आणि एकहाती सुरगाठ हे चार शब्द ते या हंगामात वापरून पाहतील. जे जिभेवर बसणार नाहीत ते मार्चच्या बैठकीत बदलायचे.